कॅन्ससचा कौल : १८५४चा एक कायदा आणि यादवीकडे गेलेली सात वर्षं

३० मार्च १८५५. कॅन्सस प्रदेशातलं (प्रदेश म्हणजे अजून राज्य न झालेला मुलूख) लॉरेन्स हे वर्षभराचंसुद्धा नसलेलं गाव. त्या दिवशी प्रदेशाच्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान होतं. थोडेच दिवस आधी झालेल्या शिरगणतीत या मतदारसंघात ३६९ मतदार भरले होते. मतदानाच्या आदल्या दिवसापासूनच शेजारच्या मिसूरी राज्यातून गाड्यांची रांग लागली. सुमारे हजार माणसं आली. बंदुका, पिस्तुलं, सुरे, ओळख पटावी म्हणून कोटाला पांढरी फीत, आणि सोबत दोन तोफा. गावाबाहेरच्या घळीत त्यांनी तळ ठोकला, सकाळी रांगेत उभं राहून मतं दिली आणि आपापल्या घरी परत गेली. मतं मोजली तेव्हा ती १,०३४ निघाली.

ही माणसं मतदानाला का आली, त्यांना येता येईल अशी वाट कुणी मोकळी करून ठेवली आणि ती बंद करण्याच्या संधी किती जणांच्या हातून निसटल्या, हे इथं मांडायचं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. त्यामुळे या कहाणीचा शेवट मराठी वाचकाला जुना ओळखीचा आहे. मधला रस्ता मात्र आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. त्या रस्त्यावरचं सगळ्यांत धोक्याचं वळण म्हणजे १८५४चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेची दोन अंगं दोन दिशांना वाढत होती. दक्षिणेची सगळी मदार कापसावर, आणि कापूस गुलाम केलेल्या माणसांच्या कष्टावर. १८६०च्या जनगणनेत ही माणसं जवळजवळ ४० लाख भरली. उत्तरेतल्या राज्यांनी आपापल्या हद्दीत गुलामगिरी टप्प्याटप्प्यानं बंद केली होती. तिथं छोटे शेतकरी, कारखाने आणि युरोपातून येणारे स्थलांतरित होते. उत्तरेतले बहुतेक गोरे लोक काळ्या माणसांना बरोबरीचं मानत नव्हते. तरी पश्चिमेकडच्या नव्या जमिनीवर आपल्याला गुलामांच्या फुकट श्रमाशी टक्कर द्यावी लागू नये, एवढं त्यांना नक्की हवं होतं.

भांडण पेटायचं ते या नव्या जमिनीवरूनच. नवं राज्य संघात आलं की त्याला सिनेटमध्ये दोन जागा मिळत, म्हणजे प्रत्येक नव्या राज्यानं तराजूचं एक पारडं जड होणार. १८२०मध्ये एक तोडगा निघाला. मिसूरी गुलामगिरीसह येईल, मेन गुलामगिरीशिवाय, आणि फ्रान्सकडून विकत घेतलेल्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी कायमची बंद. ही रेघ चौतीस वर्षं टिकली. उत्तरेतल्या लोकांच्या मनात तर तिला राज्यघटनेच्या खालोखाल मान होता.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धात (१८४६–४८) नवा मुलूख हाती आला आणि जुनं दुखणं पुन्हा वर आलं. १८५०मध्ये आणखी एक तडजोड झाली. कॅलिफोर्निया मुक्त राज्य, म्हणजे गुलामगिरी नसलेलं राज्य, झालं. युटा आणि न्यू मेक्सिको या प्रदेशांबाबत तिथल्या लोकांनीच पुढं ठरवावं असं ठरलं. बदल्यात दक्षिणेला पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा कडक कायदा मिळाला. त्यातलं एक कलम वाचलं की अजूनही अंगावर काटा येतो. पकडलेला माणूस मालकाचाच आहे असा निर्णय दिला तर आयुक्ताला १० डॉलर शुल्क, आणि तो स्वतंत्र आहे असं ठरवलं तर ५ डॉलर. पहिल्या प्रकारात कागदपत्रं जास्त लागतात, हे त्याचं समर्थन होतं.

अडचण

स्टीफन डग्लस हे इलिनॉयचे सिनेटर, डेमोक्रॅटिक पक्षाचे तडफदार पुढारी आणि सिनेटच्या प्रदेशविषयक समितीचे अध्यक्ष. १८५०ची तडजोड तुकड्या-तुकड्यांनी मंजूर करून घेणारे तेच. मिसूरी आणि आयोवाच्या पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख, म्हणजे तेव्हाचा नेब्रास्का, त्यांना लवकर मार्गी लावायचा होता. पॅसिफिकपर्यंत जाणारी रेल्वे शिकागोहून निघावी अशी त्यांची इच्छा. पण जिथं रीतसर सरकार नाही, तिथं जमिनीची मोजणी नाही, आणि मोजणी नाही तिथं रेल्वे नाही. दक्षिणेकडून जाणाऱ्या मार्गासाठी मेक्सिकोकडून जमीन विकत घेण्याची बोलणीही त्याच सुमारास चालू होती. उशीर केला तर रेल्वे हातची जाणार.

तो मुलूख ३६ अंश ३० मिनिटांच्या वर होता. म्हणजे तिथं होणारी सगळी राज्यं मुक्त राज्यंच होणार. मग दक्षिणेच्या सिनेटरांनी त्याला मत का द्यावं? १८५३च्या मार्चमध्ये त्यांनी असं एक विधेयक अडवूनही दाखवलं होतं. मिसूरीचे सिनेटर डेव्हिड अ‍ॅचिसन पुढं या विरोधात आघाडीवर आले. तिन्ही बाजूंना मुक्त राज्यं झाली तर मिसूरीतले गुलाम पळून जायला वेळ लागणार नाही, ही त्यांची भीती.

डग्लस यांचं आणखी एक नातं या प्रश्नाशी होतं. मिसिसिपीतला एक गुलामांचा मळा त्यांच्या पत्नीला वडिलांकडून मिळाला होता आणि त्याच्या व्यवस्थापनाचा वाटा डग्लस यांना मिळे. केवळ त्यामुळे ते असे वागले, असं मी म्हणणार नाही. मात्र गुलामगिरी हा नीतीचा प्रश्न आहे हे त्यांच्या राजकारणात कधी शिरलंच नाही. त्यांच्या लेखी तो जकातीसारखा, रेल्वेसारखा, वाटाघाटीत बसवायचा एक विषय होता, आणि पुढच्या सगळ्या चुका मला इथूनच सुरू झालेल्या दिसतात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे १८२०ची रेघ तशीच ठेवून विधेयक आणायचं. डिसेंबर १८५३मध्ये आयोवाचे सिनेटर डॉज यांनी असंच विधेयक मांडलं होतं. ते सरळ होतं, पण दक्षिणेची मतं मिळण्याची आशा नव्हती.

दुसरा पर्याय, थांबायचं. त्या मुलखात डेलावेअर, शॉनी, किकापू अशा आदिवासी राष्ट्रांना पूर्वेकडून हाकलून आणून वसवलं होतं आणि ही जमीन कायमची तुमची असं लिहून दिलं होतं. ते करार मोडल्याशिवाय वसाहत होणार नव्हती. थांबण्याच्या बाजूनं हे सगळ्यांत सबळ कारण होतं. टेक्ससचे सिनेटर सॅम ह्यूस्टन यांनी ते सभागृहात कळकळीनं मांडलं. फार कुणी ऐकलं नाही.

तिसरा पर्याय संदिग्धतेचा. १८२०च्या रेघेबद्दल अवाक्षर न काढता १८५०च्या तडजोडीतले शब्द उचलायचे : राज्य होताना त्यांची घटना सांगेल तसं, गुलामगिरीसह किंवा गुलामगिरीविना, त्यांना घ्यावं. ज्याला जे वाचायचं ते त्यानं वाचावं.

चौथा पर्याय, रेघ उघडपणे पुसून टाकायची.

डग्लस तिसऱ्या पर्यायापासून निघाले आणि तीन आठवड्यांत चौथ्यावर येऊन पोचले. ते कसे घसरले हे तारखांसकट पाहण्यासारखं आहे. ४ जानेवारी १८५४ला विधेयक आलं ते संदिग्ध भाषेत. दक्षिणेचे लोक म्हणाले, एवढ्यानं भागणार नाही, कारण राज्य होईपर्यंत जुनी बंदी लागू राहणार आणि मग गुलाम घेऊन तिथं जाणार कोण? १० जानेवारीला वर्तमानपत्रात विधेयक पुन्हा छापून आलं, त्यात एक कलम जादा होतं : गुलामगिरीचे सगळे प्रश्न प्रदेशातले रहिवासीच ठरवतील. नक्कल करताना लेखनिकाकडून हे कलम राहून गेलं होतं, असा खुलासा झाला. १६ जानेवारीला केंटकीचे सिनेटर डिक्सन यांनी १८२०ची बंदी थेट रद्द करण्याची दुरुस्ती सुचवली. डग्लस आधी चपापले. याने मोठं वादळ उठेल हे त्यांनी डिक्सन यांच्यापाशी बोलून दाखवल्याचं डिक्सन यांनी पुढं सांगितलं. तरीही त्यांनी ती घेतली. २२ जानेवारी, रविवार. अध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांना सुटीच्या दिवशी कामकाज पसंत नसे. युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस यांच्यामार्फत त्यांची भेट मिळवली गेली आणि पिअर्स यांनी रेघ रद्द करण्याला पाठिंबा दिला. दुसऱ्या दिवशी सुधारित विधेयक सिनेटसमोर होतं. आता प्रदेश एकाचे दोन झाले होते, नेब्रास्का आणि कॅन्सस.

मला हा सगळ्यांत महत्त्वाचा निर्णयबिंदू वाटतो. वादळाची कल्पना असणारा माणूस दर आठवड्याला एकेक पाऊल पुढं टाकत गेला, कारण प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा थोडंसंच मोठं होतं. ४ जानेवारीला कुणी त्यांना थेट विचारलं असतं, रेघ पुसणार का, तर उत्तर बहुधा नाही असंच आलं असतं.

जे केलं गेलं

वादळ दुसऱ्याच दिवशी उठलं. गुलामगिरीविरोधी सिनेटर सॅमन चेस, चार्ल्स सम्नर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी काढलेलं जाहीर आवाहन २४ जानेवारीला छापून आलं. पवित्र वचनाचा हा भंग आहे, असा त्याचा सूर होता. उत्तरेत गावोगावी सभा झाल्या. स्वतःच्या जळत्या पुतळ्यांच्या उजेडात बोस्टनहून शिकागोपर्यंत जाता येईल, असं स्वतः डग्लसच म्हणाले.

४ मार्चच्या पहाटे, रात्रभर चाललेल्या चर्चेनंतर, सिनेटनं विधेयक ३७ विरुद्ध १४ मतांनी मंजूर केलं. दक्षिणेचे दोघे विरोधात उभे राहिले : टेक्ससचे ह्यूस्टन आणि टेनेसीचे जॉन बेल. प्रतिनिधिगृहात २२ मे रोजी ११३ विरुद्ध १०० असा निकाल लागला. उत्तरेतल्या डेमोक्रॅट सदस्यांची तर उभी फाळणी झाली, जवळजवळ निम्मे बाजूनं, निम्मे विरोधात. ३० मेला पिअर्स यांची सही झाली.

योगायोग असा की त्याच आठवड्यात बोस्टनमध्ये अँथनी बर्न्स हा व्हर्जिनियाहून निसटलेला तरुण पकडला गेला होता. २ जूनला सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला बंदरावर नेऊन दक्षिणेकडे रवाना केलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक उभे होते, दुकानांवर काळी कापडं लावली होती. गुलामगिरीबद्दल आजवर मूग गिळून बसलेली बोस्टनची व्यापारी मंडळी त्या दिवशी बदलली. कायद्याची अक्षरं आणि बेड्या घातलेला एक माणूस, दोन्ही एकदम समोर आले.

‘लोकांनीच ठरवावं’ हे सूत्र ऐकायला किती चांगलं वाटतं! लोकशाहीत याहून रास्त काय असणार? पण कायद्यानं दोन साध्या गोष्टी मोघम ठेवल्या होत्या. ठरवायचं कधी? वस्ती सुरू होतानाच, की राज्य होताना? उत्तरेतले डेमोक्रॅट पहिलं उत्तर सांगत, दक्षिणेतले दुसरं, आणि दोघांनाही तोच कायदा दाखवता येत होता. आणि ठरवणार कोण? ‘रहिवासी’ म्हणजे किती दिवस राहिलेला? निवडणुकीच्या नियमांत किमान मुदतच नव्हती. आज आलो, इथंच राहायचा विचार आहे, असं म्हटलं की झाला रहिवासी. आणि ज्यांच्या आयुष्याचा, लेकराबाळांचा हा प्रश्न होता, ती गुलाम केलेली माणसं या ‘लोकांत’ धरलेलीच नव्हती. तिसरी गोष्ट मोघम नव्हती, ती सगळ्यांना मान्य होती. म्हणून तिच्यावर चर्चाही झाली नाही.

राज्यपालाची सही

आता पुन्हा मार्च १८५५कडे. न्यू इंग्लंडमधून, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतून, स्थलांतरितांना मदत करणाऱ्या मंडळ्यांनी गुलामगिरीविरोधी कुटुंबं पाठवायला सुरुवात केली होती. लॉरेन्स हे त्यांचंच गाव. मिसूरीत अफवा पसरली की पूर्वेकडून वीस हजारांची भाडोत्री फौज येतेय. खरे आकडे त्याच्या जवळपासही नव्हते. पण मिसूरीतल्या लोकांना वाटलं, ते बाहेरची माणसं आणतात, मग आपण का नाही? अ‍ॅचिसन स्वतः जथे घेऊन सरहद्द ओलांडून गेले.

सगळ्या कॅन्ससात मतदार होते २,९०५. मतं पडली ६,३०७. गुलाम किती होते? त्याच शिरगणतीत दोनशेसुद्धा नव्हते.

राज्यपाल अँड्र्यू रीडर पेनसिल्व्हेनियाचे वकील, पिअर्स यांच्याच पक्षाचे. तेही आधी दक्षिणेबद्दल आकस नसलेले. निवडणूक रद्द करायची की निकाल मान्य करायचा, हा निर्णय त्यांच्या हाती आला. ज्या खोलीत त्यांनी निकाल जाहीर केला तिथं दोन्ही बाजूंचे लोक पिस्तुलं घेऊन उभे होते. रीडर यांनी मधला मार्ग काढला. जिथून लेखी तक्रार आली होती, तिथल्याच निवडणुका रद्द केल्या, बाकी सगळ्या मान्य. अनेक ठिकाणी लोकांनी भीतीपोटी तक्रारच केली नव्हती. रद्द झालेल्या जागांवर पुन्हा मतदान झालं, बहुतेक ठिकाणी विरोधी उमेदवार निवडून आले, आणि जुलैत विधानसभा भरताच बहुमतानं त्यांना बाहेर काढलं. फ्री स्टेटवाले, म्हणजे मुक्त राज्य मागणारे लोक, तिला ‘बोगस’ विधानसभा म्हणत. मतदानाच्या बातम्यांत आपण रोज वाचतो, तोच हा शब्द.

या विधानसभेनं मिसूरीचे कायदे जवळजवळ जसेच्या तसे उचलले आणि वर आणखी भर घातली. गुलामांना बंडासाठी चिथावणाऱ्याला मृत्युदंड. या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा हक्क नाही असं नुसतं बोललं किंवा छापलं तरी सक्तमजुरी. रीडर विरोध करू लागले, तेव्हा पिअर्स यांनी त्यांना काढून टाकलं.

माझ्या मते रीडर यांची चूक समजून घेण्यासारखी आहे, पण होती चूकच. पहिल्याच दिवशी, सगळा पुरावा ताजा असताना, संपूर्ण निवडणूक रद्द करण्याचं कारण त्यांच्यापाशी होतं. एकदा सही झाली की त्या विधानसभेला कायद्याचं अंग मिळालं. त्यानंतर तिला विरोध करणारा प्रत्येक माणूस बंडखोर ठरणार होता.

दोन सरकारं

आणि तसंच झालं. फ्री स्टेटवाल्यांनी टोपेका इथं स्वतःची घटना केली, स्वतःचा राज्यपाल निवडला. इथंही एक गोष्ट लपवू नये. त्यांच्यातल्या बहुसंख्यांनी गुलामांबरोबर मुक्त कृष्णवर्णीयांनासुद्धा कॅन्ससात येऊ देऊ नये, असं मत वेगळ्या मतदानात नोंदवलं. गुलामगिरीविरोध आणि माणुसकी यांची सांगड प्रत्येकाच्या मनात नव्हती.

एका प्रदेशात दोन सरकारं, दोन्हीकडे बंदुका. पूर्वेकडून शार्प्स रायफली पेट्यांतून येत होत्या. जानेवारी १८५६मध्ये पिअर्स यांनी संसदेला खास संदेश पाठवून बोगस विधानसभाच कायदेशीर ठरवली आणि टोपेकावाल्यांना बंडखोर म्हटलं. पंचाचं काम करायला केंद्रात कुणी उरलंच नाही.

१८५६च्या मे महिन्यातले पाच दिवस असे. २० तारखेला सम्नर यांनी सिनेटमधलं दोन दिवसांचं भाषण संपवलं. त्यात कॅन्ससवरच्या अत्याचाराबरोबर दक्षिण कॅरोलिनाच्या वयस्क सिनेटर बटलर यांच्यावर बोचरी वैयक्तिक टीका होती. २१ला शेरीफच्या नेतृत्वाखाली आलेल्या जमावानं लॉरेन्समधली दोन छापखान्यांची यंत्रं फोडून टाकली, छपाईचे खिळे नदीत फेकले, हॉटेलवर तोफा डागल्या आणि ते जाळलं. २२ला बटलर यांचे नातलग प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स यांनी सिनेटच्या सभागृहात, बाकावर बसलेल्या सम्नर यांना हातातल्या काठीनं बेशुद्ध होईपर्यंत मारलं. काठी तुटली. सम्नर यांना पूर्ववत कामावर यायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. ब्रुक्स यांना ३०० डॉलर दंड झाला आणि दक्षिणेतून कौतुकाच्या पत्रांसोबत नव्या काठ्या भेट आल्या. २४ तारखेच्या रात्री पॉटावाटोमी ओढ्याकाठी गुलामगिरीचे कट्टर विरोधक जॉन ब्राउन आणि त्यांच्या माणसांनी गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना झोपड्यांतून बाहेर ओढून तलवारींनी ठार केलं. त्या पाचांपैकी एकाकडेही गुलाम नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कॅन्सस रक्तानं माखलं. मेलेल्यांचा आकडा युद्धाच्या मानानं लहान होता. पण देशभरच्या वर्तमानपत्रांतून उत्तरेच्या वाचकाला एक कॅन्सस दिसत होतं, दक्षिणेच्या वाचकाला दुसरंच. उत्तरेला काठी दिसली, दक्षिणेला तलवार.

दुसरी संधी, तीही गेली

१८५७मध्ये जेम्स ब्युकॅनन अध्यक्ष झाले. त्यांच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, ६ मार्चला, सर्वोच्च न्यायालयानं ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल दिला : प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा संसदेला अधिकारच नाही, आणि काळा माणूस अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. ‘ठरवायचं कधी’ या मोघम ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर असं दक्षिणेच्या बाजूनं आलं.

त्याच वर्षी लेकॉम्प्टन इथं गुलामगिरीच्या बाजूच्या प्रतिनिधींनी कॅन्सससाठी घटना बनवली. पूर्ण घटना लोकांपुढं ठेवलीच नाही. मतदाराला फक्त ‘गुलामगिरीसह’ की ‘गुलामगिरीविना’ एवढंच निवडायचं होतं, आणि ‘विना’ निवडलं तरी आधीचे गुलाम गुलामच राहणार. फ्री स्टेटवाल्यांनी बहिष्कार टाकला. जानेवारी १८५८मध्ये नव्या विधानसभेनं पूर्ण घटनेवर मत घेतलं, तेव्हा १०,२२६ जणांनी ती नाकारली. बाजूनं दोनशेसुद्धा मतं पडली नाहीत.

लोकांचा कौल याहून स्पष्ट काय असतो? तरीही ब्युकॅनन यांनी संसदेला सांगितलं, कॅन्ससला याच घटनेनिशी राज्य करा. दक्षिणेतली राज्यं फुटून जातील, या भीतीनं त्यांनी हे केलं.

इथं डग्लस उभे राहिले. स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध, स्वतःचं राजकीय भविष्य पणाला लावून त्यांनी लेकॉम्प्टनला विरोध केला. गुलामगिरी मंजूर होवो की नामंजूर, मला त्याच्याशी कर्तव्य नाही, पण कौल खरा हवा, अशी त्यांची भूमिका. पहिलं वाक्य मनाला लागतं, दुसऱ्याबद्दल त्यांना मान द्यायला हवा. सिनेटनं ते विधेयक मंजूर केलं, प्रतिनिधिगृहानं १२० विरुद्ध ११२ मतांनी अडवलं. ऑगस्ट १८५८मध्ये कॅन्ससनं पुन्हा मत दिलं आणि प्रचंड बहुमतानं लेकॉम्प्टन गाडलं.

निष्पत्ती

१८५४ साली डग्लस यांचा डेमोक्रॅटिक पक्ष हा उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडे पाय असलेला एकच मोठा पक्ष उरत चालला होता. व्हिग हा दुसरा मोठा पक्ष याच कायद्यानं मोडला. त्या वर्षीच्या निवडणुकीत कायद्याच्या बाजूनं मत देणाऱ्या उत्तरेतल्या ४४ डेमोक्रॅटांपैकी फक्त ७ परत निवडून आले. रिकाम्या जागेत रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. राजकारणातून जवळपास बाजूला झालेले इलिनॉयचे एक वकील, अब्राहम लिंकन, याच कायद्यामुळे पुन्हा व्यासपीठावर आले.

एप्रिल १८६०मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले आणि डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला. त्यांना डग्लस नको होते. लेकॉम्प्टनचा राग होता. नोव्हेंबरमध्ये लिंकन ४० टक्क्यांहून किंचित कमी मतांवर अध्यक्ष झाले. दक्षिणेतल्या दहा राज्यांत त्यांच्या नावाला एकही मत पडलं नाही. डग्लस यांना लोकांची मतं दुसऱ्या क्रमांकाची होती, पण अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणाऱ्या निवडमंडळातली फक्त १२. पराभव दिसू लागताच त्यांनी प्रचार सोडला आणि देश फोडू नका असं सांगत दक्षिणेत फिरले. २० डिसेंबरला दक्षिण कॅरोलिना संघातून बाहेर पडलं.

२१ जानेवारी १८६१ला जेफरसन डेव्हिस (आता ते सिनेटर होते) आणि दक्षिणेच्या आणखी काही सिनेटरांनी सभागृहाचा निरोप घेतला. त्याच दिवशी, त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर, सिनेटनं कॅन्ससला मुक्त राज्य म्हणून मंजुरी दिली. १२ एप्रिलला सम्टर किल्ल्यावर तोफ डागली गेली आणि यादवी युद्ध सुरू झालं. डग्लस यांनी लिंकन यांची भेट घेऊन त्यांना पाठिंबा दिला आणि जूनमध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, शिकागोत त्यांचं निधन झालं.

युद्धात सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. अमेरिकेचा कापूस बंदरांत अडकला आणि त्याची झळ, खरं तर तेजी, खानदेश-वऱ्हाडापर्यंत आली. मुंबईत शेअरबाजार आभाळाला टेकला आणि १८६५मध्ये युद्ध संपताच कोसळला.

वेगळं काय करता आलं असतं

गुलामगिरी असेतो झगडा टळणार नव्हता, हे मला मान्य आहे. सलोख्यासाठी ती आणखी पन्नास वर्षं चालू ठेवली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणाऱ्यानं आधी त्या ४० लाखांना विचारावं. त्यामुळे युद्ध कसं टाळता आलं असतं, यापेक्षा कुठल्या निर्णयानं बोलून सोडवण्याची जागा संपत गेली, एवढंच पाहावं.

१८५४च्या जानेवारीत डॉज यांचं साधं विधेयक पुढं रेटता आलं असतं. ते पडलं असतं, रेल्वे लांबली असती. डग्लस यांना ते परवडणारं नव्हतं, देशाला परवडलं असतं. शब्द मोघम ठेवून दोन बाजूंची मतं गोळा करण्याची किंमत पुढं कॅन्ससातल्या शेतकऱ्यांनी दिली.

दुसरं, लोकांना ठरवू द्यायचंच होतं तर आधी यादी हवी होती. राहण्याची किमान मुदत, मतदारांची नोंद, केंद्राचे तटस्थ अधिकारी, आणि मतदानाच्या दिवशी सरहद्दीवर सैन्य. सैन्य होतं. लेव्हनवर्थचा किल्ला कॅन्ससातच होता. पुढं जुलै १८५६मध्ये तेच सैन्य टोपेकाची विधानसभा पांगवायला तोफांसह गेलं. मार्च १८५५मध्ये ते मतपेटीजवळ का नव्हतं?

तिसरं, पिअर्स यांच्यापाशी जानेवारी १८५६मध्ये नवी निवडणूक घेण्याचा मार्ग होता. संसदेच्या समितीनं पुढं केलेल्या चौकशीत बाहेरच्या मतांचा सगळा हिशोब उघड झाला. म्हणजे पुरावा मिळण्यासारखा होता, तो शोधण्याआधीच अध्यक्षांनी बाजू घेतली.

डग्लस यांनी १८५८मध्ये दाखवलेली हिंमत चार वर्षं आधी दाखवली असती तर? हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो. त्यांच्यात ती होती हे तर सिद्धच झालं.

कॅन्ससची अखेरची घटना १८५९ची, गुलामगिरीला बंदी घालणारी. तीतही मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना होता. १८६२च्या उन्हाळ्यात याच कॅन्ससात कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी उभी राहिली. अध्यक्षांची परवानगी यायच्या आधीच. त्यातले अनेक जण मिसूरीतून पळून, सरहद्द ओलांडून आलेले होते. सात वर्षांपूर्वी मतदानाला गाड्या आल्या होत्या त्याच सरहद्दीवरून. २९ ऑक्टोबर १८६२ला ही तुकडी उलट दिशेनं मिसूरीत शिरली आणि आयलंड माउंड इथं लढली. यादवी युद्धात कृष्णवर्णीय तुकडीनं दिलेली ती पहिली लढाई मानतात. लिंकन यांची मुक्तीची घोषणा लागू व्हायला अजून दोन महिने होते.